इंटर्नशिप मिळेपर्यंत

ज्याला पहिल्याच फटक्यात काम मिळतं, त्याच्याकडे सांगण्यासारखं एकच वाक्य असतं: "मिळालं!" किश्शांचा साठा होतो तो आमच्यासारख्यांकडे. प्रत्येक नकारामागे एक किस्सा, आणि नकार तर काय, सकाळच्या दुधासारखे रोज यायचे! आता सगळं पार पडलंय, जीव भांड्यात पडलाय, म्हणून मी हे हसत हसत सांगतेय. त्या दिवसांत कुणी याला 'किस्से' म्हटलं असतं, तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते.

तर आम्ही तिघं. मी मानसी, राहणार उधना, सुरत. मूळ गाव धुळ्याकडचं. पप्पा आमच्या मागच्याच गल्लीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात मास्टर आहेत. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी आणि कॉलेजात गुजराती, असं माझं शिक्षण झालेलं. दुसरी प्राजक्ता, मूळची साताऱ्याची, वडील सरकारी बँकेत अधिकारी. तिसरा हार्दिक, कतारगामच्या हिऱ्यावाल्या घरातला. मराठी तो आमच्या संगतीनं शिकला. काय काय शिकला ते इथे सांगत नाही.

युनिव्हर्सिटीत कॉमर्स शिकताना आम्हाला इन्व्हेस्टमेंट बँकिंगचं खूळ लागलं. एक कंपनी दुसरीला विकत घेते, किंवा कुणाला मोठं भांडवल उभारायचं असतं, तेव्हा मध्ये बसून सगळं जुळवून देणारी ही मंडळी. हार्दिकच्या वडिलांना आम्ही हे अर्धा तास समजावलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "एटले दलाली! एमां इंटर्नशिप शुं करवानी? काले सवारे बजारमां आवी जा!"

पण आम्हाला सुरतेच्या बाजारात नाही, मुंबईच्या ऑफिसात बसायचं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथली इंटर्नशिप मिळाली, तरच पुढे तिथल्या नोकरीची आशा. पप्पांशी माझं बोलणं झालेलं होतं. मिळाली तर मुंबई. नाही मिळाली तर जवळच कडोदऱ्याला, आबामामाच्या ओळखीच्या मिलमध्ये अकाउंट्सला. मामा तर इतका तयारीत, की त्यानं तिथे माझी खुर्चीसुद्धा पंख्याखाली सरकवून ठेवली होती.

*

सुरुवात ईमेलपासून. मुंबईतल्या जेवढ्या कंपन्यांचे पत्ते मिळाले, तेवढ्यांना आम्ही मेल पाठवले. प्राजक्ताचं इंग्रजी सगळ्यांत चांगलं, म्हणून मजकूर तिचा. मेल इतका सुंदर होता की वाचून मलाच स्वतःला नोकरी द्यावीशी वाटली.

एकाचंही उत्तर नाही. पंधरवडा गेला, महिना गेला. आम्ही स्पॅम उघडून बघायचो, तिथे फक्त लॉटरी लागल्याची पत्रं.

आणि एके दिवशी हार्दिकला उत्तर आलं! आम्ही दोघी त्याच्या फोनवर तुटून पडलो. कंपनीच्या साहेबांनी लिहिलं होतं: "जय श्री कृष्ण. सध्या जागा नाही."

आम्ही गोंधळलो. मग हार्दिकनं पाठवलेला मेल उघडून बघितला. मजकूर तोच, प्राजक्ताचा. फक्त शेवटी 'युअर्स फेथफुली' काढून यानं घरच्या धंद्यातल्या पत्रांत लिहितात तसं 'जय श्री कृष्ण' ठोकून दिलेलं!

"अरे, हे प्रोफेशनल नाहीये!" प्राजक्ता ओरडली.

हार्दिक म्हणाला, "उत्तर कोणाला आलं?"

त्या संध्याकाळी प्राजक्तानं उरलेले सगळे मेल पुन्हा पाठवले. ही मुलगी गणपतीच्या आरतीलासुद्धा उभी राहत नाही. प्रत्येक मेलखाली 'जय श्री कृष्ण' होतं.

*

प्राजक्ताच्या वडिलांना, म्हणजे देशमुखकाकांना, आमच्या तयारीची फार काळजी. त्यांनी ठरवलं, आपण घरी खोटी मुलाखत घ्यायची. पहिला नंबर अर्थात प्राजक्ताचा.

रविवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट, टाय घालून जेवणाच्या टेबलाशी बसले. खाली घरातलीच पट्ट्यापट्ट्यांची हाफ पॅन्ट होती, पण टेबलामुळे दिसत नव्हती. प्राजक्ताला दाराबाहेर उभं केलं, बेल वाजवायला लावली, आत बोलावलं आणि विचारलं, "आपलं नाव?"

प्राजक्ता हसली. काका नाही हसले. तिथेच तिचे मार्क गेले.

तासभर प्रश्न चालले. शेवटी काकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "ठीक आहे. तुम्हाला कळवू."

दुपारी जेवताना प्राजक्तानं विचारलं, "बाबा, कशी झाली मुलाखत?" काका म्हणाले, "प्रक्रिया चालू आहे." रात्री पुन्हा विचारलं. काकांनी वरणात भात कालवला आणि सांगितलं, "या वेळी आम्ही दुसऱ्या उमेदवाराचा विचार करतोय."

"दुसरा उमेदवार कोण?"

"तो गोपनीय विषय आहे."

काकू सगळं ऐकत होत्या. पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, ओळखीतली मुलगी होती हो. घ्यायचं होतंत!"

*

मेलबरोबर नुसता बायोडेटा लावून भागत नाही, एखाद्या खऱ्या धंद्याची किंमत काढून दाखवावी लागते, असं आम्हाला कुणीतरी सांगितलं. हार्दिक म्हणाला, माझ्या काकांचा हिऱ्याचा कारखाना आहे की कतारगामात! लगेच तो कागद-पेन घेऊन कारखान्यात गेला आणि काकांना सगळ्या लोकांसमोर विचारू लागला. घंट्या, म्हणजे हिरे घासायच्या चकत्या, किती, कारीगर किती, जागा स्वतःची की भाड्याची, आणि हे सगळं मिळून आज किती किंमत येईल?

हा प्रश्न सुरतेत मोठ्यानं विचारायचा नसतो. हिऱ्याच्या बाजारात बातमी फोनपेक्षा जोरात पळते. दुपारपर्यंत अख्ख्या कतारगामात झालं, की काका कारखाना विकायला काढतायत. पुतण्या किंमत लावत होता, डोळ्यांनी बघितलं!

चार वाजल्यापासून दलालांची रीघ लागली. कुणी गिऱ्हाईक घेऊन आलं, कुणी नुसतंच सांत्वन करायला. काकांचे जुने मित्र त्यांना बाजूला घेऊन विचारायला लागले, "कांई तकलीफ छे? बोलो तो खरा!" काका बिचारे पुढचे कितीतरी दिवस कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. का, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं, की माणूस जागेवर आहे.

हार्दिकनं सगळं झाल्यावर माफी मागितली आणि हळूच म्हणाला, "काका, फक्त मागच्या वर्षीचा नफा तेवढा सांगा, किंमत काढायचं मॉडेल पूर्ण होतंय."

काकांनी हात जोडले. "दीकरा, तने इंटर्नशिप मळे ए पहेलां मारुं कारखानुं वेचाई जशे!"

*

पहिली मुलाखत आली ती हार्दिकलाच. आम्ही दोघी कॉलेजच्या रिकाम्या वर्गात कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बसलो, मूक पाठिंबा द्यायला.

निम्मी मुलाखत छान गेली. मग समोरच्या बाईंनी तो नेहमीचा प्रश्न विचारला, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?

याचं उत्तर आम्ही त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. पण हार्दिक पडला सुरती. नोकरी करून म्हातारा झालेला माणूस त्यानं घरात बघितलेलाच नाही. तो मनापासून म्हणाला, "अपने ऑफिस में. अपने माने, मेरे खुद के."

बाई हसल्या. म्हणाल्या, मग आम्ही तुम्हाला का शिकवायचं?

"शिखाओ ना मॅडम, फिर आप भी आ जाना," हार्दिक म्हणाला. "उधर आपको संडे को छुट्टी मिलती है?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "नहीं मिलती."

मी आणि प्राजक्तानं डोक्याला हात लावला. हार्दिकचं अर्थातच सिलेक्शन झालं नाही. पण बाईंनी त्याचा नंबर मागून घेतला!

*

इथपर्यंत मी हसत होते. पण मार्च आला आणि माझं हसू आटायला लागलं. प्राजक्ताला सुरतेतच एका ऑडिटवाल्यांकडे जागा मिळाली आणि ती खूश होती. हार्दिकला बाजार होताच. राहिले मी. रोज संध्याकाळी मामाचा फोन यायचा, "काय मग मानसी, कधी येतेस कडोदऱ्याला?" तो प्रेमानं विचारायचा, पण मला ती पंख्याखालची खुर्ची डोळ्यांसमोर दिसायची. घरातली पहिली शिकलेली मुलगी मी. पप्पा माझ्यासाठी किती लोकांशी भांडले होते, ते मला माहीत होतं. मला भीती नापास व्हायची नव्हती, त्यांना तोंड दाखवायची होती.

आणि मग एका कंपनीकडून व्हिडिओ मुलाखतीचं बोलावणं आलं.

आता आमच्या गल्लीची गोष्ट अशी, की मागे लूम रात्रंदिवस चालतात. खटखट, खटखट. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही, पण बाहेरचा माणूस दोन मिनिटांत कानांत बोटं घालतो. मला मुलाखतीची काळजी नव्हती, आवाजाची होती. पप्पांनी कारखान्याच्या शेठकडे जाऊन विनंती केली, तासभर मशीन बंद ठेवू का? शेठ भला माणूस. हो म्हणाला.

बरोबर अकराला लूम थांबले. अशी शांतता पसरली, की मला माझं घड्याळ ऐकू यायला लागलं. लॅपटॉपवर सर आले. मी नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं, सगळं झकास चाललेलं.

एक गोष्ट मात्र मी आणि पप्पा साफ विसरलो होतो. आमच्याकडे लूम दोनच कारणांनी बंद होतात. एक दिवाळी. दुसरं, कुणी गेलं तर.

दिवाळी लांब होती.

दहा मिनिटांत आमच्या दारात माणसं जमायला लागली. बाप्ये येऊन मान खाली घालून उभे राहिले. कुणीतरी खुर्च्या आणून मांडल्या. बायका आईभोवती गोळा झाल्या, "कोन गयं वं माय?" आई कळवळून सांगतेय, "कोनी नही! कोनी नही!" पण दुःखानं असं बोलतेय बिचारी, असं समजून त्या तिला अजूनच घट्ट धरतायत.

स्क्रीनवरच्या सरांना मागचा गलका ऐकू गेला. "सब ठीक है ना?" असं ते विचारतायत, तोवर दार उघडून शेजारच्या कमलकाकू आत! त्यांनी मला बघितलं. इस्त्रीचा ड्रेस, ताठ बसलेली, तोंड पांढरंफटक. त्यांना काय समजायचं ते त्या समजल्या. कॅमेऱ्यासमोर मला छातीशी कवटाळून त्यांनी हंबरडाच फोडला.

सरांनी चष्मा काढला. हळू आवाजात म्हणाले, "बेटा, हम फिर कभी बात करेंगे. हिम्मत रखना." आणि स्क्रीन काळी झाली.

मी कमलकाकूंना कसंबसं बाजूला करून सांगितलं, "काकू, कुणी गेलेलं नाहीये. माझी मुलाखत होती."

त्यांनी डोळे पुसले. माझ्याकडे बघितलं, लॅपटॉपकडे बघितलं. म्हणाल्या, "कुणीच नही? आधी सांगता नही येत? मी भाजी गॅसवर टाकीसन उनू!"

संध्याकाळी कंपनीचा शोकसंदेश आला. अख्ख्या टीमतर्फे!

*

मी सरांना खरं काय ते लिहून टाकलं. लपवून काय करणार होते? दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा मुलाखत ठेवली आणि सुरुवातीलाच सांगितलं, "इस बार मशीन बंद मत करवाना." खटखटीत मुलाखत झाली. त्यांनी सगळं लूमबद्दलच विचारलं. सूत कुठून येतं, कापड कुठे जातं, मंदी आली की आधी कुणाचा धंदा बसतो. हे मी लहानपणापासून जेवताना ऐकत आलेले. बोलता बोलता वेळ कधी संपली कळलंच नाही. शेवटची फेरी मुंबईत, ऑफिसात.

आता मुंबईला जायचं म्हणजे सूट हवा. सुरतेत राहून कापड विकत घ्यायचं म्हणजे आमच्याकडे अपमान. पप्पांच्या शेठनं एका व्यापाऱ्याकडून गडद निळ्या कापडाचा तुकडा मिळवून दिला. टिकाऊ, चुरगळत नाही, डाग धरत नाही! शिंप्यानं ब्लेझर-पॅन्ट झक्क शिवली. घालून आरशात बघितलं तर मीच मला ओळखलं नाही.

मुंबईत त्या काचेच्या इमारतीत शिरले आणि थबकले. दारातल्या सिक्युरिटीवाल्या बाईंचा ब्लेझर. तोच निळा. तेच कापड. व्यापाऱ्यानं ते कुठल्या मालातून काढलं होतं, ते मला तिथे कळलं.

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांचा चेहरा एकदम खुलला. पर्स उचलत म्हणाल्या, "आलीस का! किती उशीर गं? माझी शिफ्ट कधीच संपली!"

*

आता शेवटचा. हा मी सहसा कुणाला सांगत नाही, हार्दिकच सगळीकडे सांगत फिरतो.

मुंबईहून परतल्यावर शुक्रवारी मेल आला. सिलेक्शन झालं होतं! सोमवार संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. मी घरभर नाचले, आई रडली. पप्पांनी मेल माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाले, "बरं. देखी येऊत."

"काय बघायचंय?"

"आंडेर धाडनी शे ना? मंग घर देखाले नको?"

मी समजावलं, पप्पा, तुम्ही लेक सासरी धाडत नाही आहात; ही कंपनी आहे, स्थळ नाही. असं कुणी बघायला जात नाही. ते 'हं' म्हणाले. मला वाटलं, पटलं.

सोमवारी सकाळी पप्पा बारडोलीला मशीनचा पार्ट बघायला म्हणून घरातून निघाले. दुपारी मी कॉलेजच्या कँटीनमध्ये हार्दिक-प्राजक्ताबरोबर बसले होते. होकाराचा मेल लिहून तयार होता. तेवढ्यात मुंबईहून फोन. एचआरच्या तन्वी मॅडम, ठाण्याच्या, मराठीच.

"मानसी, रिसेप्शनला चार जण आलेत. किससे मिलना है विचारलं, तर म्हणतात, 'हम लडकीवाले हैं.' तुमच्याकडचे आहेत का?"

दुसरं कोण असणार? पप्पा, आबामामा आणि गल्लीतले दोन जाणते. पप्पांना फोन लावला, उचलत नाहीत. मामाला लावला, बंद.

हार्दिक समोसा खात म्हणाला, "बरोबर छे. माल मोकलतां पहेलां पार्टी जोवी पडे, बघावी लागते."

"ती माल आहे का?" प्राजक्तानं त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

मी आईला फोन केला. आईला सगळं माहीत! ती शांतपणे म्हणाली, "घाबरू नको. पप्पा भांडाले नही गयात. अन् काही खातीन-पेतीन बी नहीत. बोलनं पक्कं व्हवाशिवाय आपला मानसे तठलं पानीबी पेतस नहीत." स्थळ बघायला गेल्यावर बोलणी पक्की होईपर्यंत तिथलं पाणीही घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत.

थोड्या वेळानं तन्वी मॅडमचा पुन्हा फोन. आता त्या कुजबुजत होत्या. "मोठ्या सरांनाच भेटायचं म्हणाले. सर आलेत. तुमचे मामा विचारतायत, इथल्या खिडक्या उघडत का नाहीत? उशीर झाला तर मुलींना घरी सोडायला कोण जातं? मुली जेवतात कुठे? सरांनी स्वतः उठून कँटीन दाखवलं."

"सर चिडलेत का?"

"चिडलेत कसले, घामाघूम झालेत! आजपर्यंत त्यांची अशी चौकशी कुणी केलेली नाही. आणि मानसी, समोर चहा ठेवलाय. कुणी हात लावत नाहीये. पाणी पण नाही. सर मला विचारतायत, आपलं काही चुकलं का?"

मी काय सांगणार! पप्पा नाही म्हणाले, तर त्यांच्या शब्दाबाहेर मी गेले नसते. आणि सरांचं डोकं फिरलं, तर जागा जाणार होती. दोन्हीकडून मरण माझंच. घड्याळात चार वाजत आले होते. प्राजक्तानं माझा हात धरला. हार्दिकनं समोसा खाली ठेवला, तेव्हा मला कळलं, की प्रकरण खरंच गंभीर आहे.

फोन वाजला. मी पहिल्याच रिंगला उचलला.

"मानसी?" तन्वी मॅडम म्हणाल्या. "सरांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय, याचा अर्थ काय समजायचा? तुमच्या वडिलांनी आत्ता चहा घेतला. बशीत ओतून. आणि दुसरा कप मागितलाय!"